वनाच्छादन म्हणजे वनआरोग्य नव्हे : वनस्थिती अहवालांची एक चिकित्सा

सारांश

भारतातील वनांची स्थिती सांगणारा सर्वाधिक उद्धृत दस्तऐवज म्हणजे भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा द्वैवार्षिक वनस्थिती अहवाल होय. या अहवालात वनाचे क्षेत्र आणि वितानाची घनता मोजली जाते. वनाचे आरोग्य आणि जीवनशक्ती या गोष्टी मात्र क्षेत्रफळात सापडत नाहीत. त्या काळाच्या ओघात, त्याच त्या झाडांच्या पुनःपुन्हा केलेल्या नोंदींतूनच कळतात. युरोपातील वनआरोग्य पाहणी आणि तामिळनाडूतील मुदुमलाई येथील कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्र यांच्या आधारे या अहवालांच्या मर्यादांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजशब्द : वनाच्छादन, वनआरोग्य, जीवनशक्ती, दीर्घकालीन निरीक्षण, कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्र.

१. प्रस्तावना

वनस्थिती अहवाल प्रसिद्ध झाला की देशातील वनक्षेत्र वाढले की घटले, एवढाच प्रश्न वृत्तपत्रांतून चर्चिला जातो. २०२१ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१३,७८९ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७१ टक्के दाखविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या २०२३ च्या अहवालात ते ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के झाले. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी दीड हजार चौरस किलोमीटरांहून अधिक येते; अहवालाने सांगितलेली वाढ मात्र सुमारे १५६ चौरस किलोमीटरच आहे, कारण मागील अहवालाचा आकडा मधल्या काळात सुधारून घेण्यात आला. तुलनेचा पायाच असा हलता असेल, तर तिच्यावर उभारलेल्या आनंदाला किंवा चिंतेला किती अर्थ उरतो, हा पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. समजा, सर्व आकडे निर्दोष आहेत. तरी त्यांवरून ते वन निरोगी आहे की आजारी, ते सांगता येईल काय? एखाद्या गावाची लोकसंख्या कळल्याने गावकऱ्यांची प्रकृती कळत नाही. वनाच्या बाबतीत मात्र शिरगणती आणि प्रकृती यांची गल्लत शासनाच्या पातळीवर, प्रसारमाध्यमांत आणि काही अंशी विद्यापीठीय संशोधनातही रूढ झाली आहे.

२. आरोग्य आणि जीवनशक्ती : संकल्पनेचा विचार

‘वनाचे आरोग्य आणि जीवनशक्ती’ हा शब्दप्रयोग आंतरराष्ट्रीय वनधोरणात १९९० च्या दशकात स्थिरावला. युरोपीय देशांनी १९९३ च्या हेलसिंकी परिषदेनंतर शाश्वत वनव्यवस्थापनाचे जे निकष ठरविले, त्यांत या निकषाला स्वतंत्र स्थान मिळाले. भारतातही १९९९ मध्ये सुरू झालेल्या भोपाळ-भारत प्रक्रियेने आठ निकषांची चौकट मांडली. पुढे २०१४ च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेने वनआरोग्य व जीवनशक्तीचे संधारण आणि संवर्धन हा निकष प्रत्येक वनविभागाच्या कार्य आयोजनेसाठी स्वीकारला. म्हणजेच वनाचे क्षेत्र आणि वनाचे आरोग्य या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे भारतीय वनप्रशासनाला तत्त्वतः मान्य आहे.

या दोन शब्दांतही भेद करावा लागतो. आरोग्य म्हणजे रोग, कीड, आग, प्रदूषण, अवर्षण यांसारख्या आघातांपासूनची सापेक्ष मुक्तता. जीवनशक्ती म्हणजे असे आघात सोसून पुन्हा वाढण्याची, फळण्याची आणि नवी पिढी उभी करण्याची क्षमता. एखाद्या वनात सर्व झाडे हिरवीगार असतील. परंतु त्यांच्याखाली एकही रोप तग धरत नसेल, तर ते वन आज निरोगी दिसूनही जीवनशक्ती गमावून बसले आहे असे म्हणावे लागेल. हा भेद एका दिवसाच्या पाहणीत उघड होत नाही. त्यासाठी काल काय होते आणि उद्या काय झाले, याची सलग नोंद लागते.

३. युरोपातील प्रयोग : सामर्थ्य आणि दोष

अशा नोंदीचा सर्वांत विस्तृत प्रयोग युरोपात झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील सिल्व्हर फर आणि स्प्रूस वृक्षांचे शेंडे विरळ होऊ लागले. ग्योटिंगेन विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश यांनी झोलिंग पठारावरील दीर्घ मोजमापांच्या आधारे आम्लवर्षेमुळे जमिनीत होणारे बदल आणि मुळांची हानी यांचा संबंध मांडला. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने हा विषय मुखपृष्ठावर आणला आणि ‘वनमृत्यू’ हा जर्मन राजकारणातील कळीचा शब्द बनला. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीने मोठ्या ज्वलन प्रकल्पांच्या गंधक-उत्सर्जनावर कठोर मर्यादा घातली. १९८५ मध्ये सीमापार वायुप्रदूषणविषयक कराराच्या अंतर्गत वनांवरील परिणामांच्या निरीक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

या कार्यक्रमाची रचना दोन स्तरांची आहे. पहिल्या स्तरावर १६ × १६ किलोमीटरच्या जाळ्यावरील ठिकाणी ठरावीक झाडांचे शेंडे दरवर्षी पाहिले जातात आणि निरोगी झाडाच्या तुलनेत किती पर्णभार कमी झाला, हे ५ टक्क्यांच्या टप्प्यांत नोंदविले जाते. २५ टक्क्यांहून अधिक पर्णहानी असलेले झाड बाधित मानले जाते. १९९४ पासून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या स्तरावर निवडक ठिकाणी मृदाजल, पानांतील पोषकद्रव्ये, हवेतून पडणारी द्रव्ये, खोडाची वाढ, पालवी-फुलोऱ्याचे वेळापत्रक आदींची सखोल मोजमापे होतात.

या पद्धतीवर कठोर टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. पर्णहानी हे अविशिष्ट लक्षण आहे. अवर्षण, कीड, प्रदूषण किंवा भरघोस फळधारणेचे वर्ष, कोणत्याही कारणाने शेंडा विरळ दिसू शकतो. तुलनेसाठीचे ‘निरोगी झाड’ देशागणिक आणि निरीक्षकागणिक बदलते. त्यामुळे सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या सारख्याच वनांचे आकडे वेगळे येतात. वाळलेली किंवा तोडलेली झाडे नमुन्यातून गळतात आणि त्यांच्या जागी नवी घेतली जातात, त्यामुळे हानीचे चित्र सौम्य होण्याचा संभव राहतो. शिवाय, युरोपीय वन संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून अनेक ठिकाणी वृक्षांची वाढ मंदावण्याऐवजी वाढल्याचे दिसून आले. सरसकट वनमृत्यूचे भाकीत खरे ठरले नाही. २००३ मध्ये तत्कालीन जर्मन मंत्री रेनाटे क्युनास्ट यांनी वनमृत्यूवर मात झाल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपात तीव्र अवर्षण पडले आणि २००४ च्या पाहणीत पर्णहानी तोपर्यंतच्या उच्चांकावर पोचली. २०१८ पासूनच्या सलग कोरड्या वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसची विस्तीर्ण वने उद्ध्वस्त केली. २०२० च्या जर्मन पाहणीत शेंड्याला कोणतीही हानी नसलेली झाडे केवळ २१ टक्के, तर लक्षणीय हानी झालेली ३७ टक्के आढळली.

या इतिहासाचा अर्थ दोन टोकांनी लावला जातो. काहींच्या मते तो खोट्या भयाचा इतिहास आहे. काहींच्या मते तो दुर्लक्षित इशाऱ्याचा. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. भाकीत चुकले हेही सलग नोंदींमुळेच दाखविता आले आणि मंत्र्यांची घोषणा घाईची होती हेही त्याच नोंदींनी वर्षभरात दाखविले. नोंदवही कोणाच्याही बाजूची नव्हती. तिचे एकेका वर्षाचे आकडे सदोष असू शकतात. परंतु एकाच पद्धतीने चार दशके चाललेल्या मालिकेत कल आणि अपवाद वेगळे ओळखता येतात. दीर्घकालीन निरीक्षणाचे खरे मूल्य हेच आहे.

४. भारतीय वनस्थिती अहवाल : काय मोजले जाते?

या पार्श्वभूमीवर भारतीय अहवालाकडे पाहता येईल. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ मध्ये देहरादून येथे स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिचा पहिला अहवाल आला. उपग्रहचित्रांच्या आधारे संपूर्ण देशाच्या वनाच्छादनाचा नियमित आढावा घेणे हे मोठे काम आहे आणि त्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो व्याख्येचा. एक हेक्टरहून अधिक क्षेत्र आणि दहा टक्क्यांहून अधिक वितान-घनता असलेली कोणतीही जमीन, तिची मालकी, कायदेशीर दर्जा वा वृक्षजाती काहीही असो, वनाच्छादनात धरली जाते. साहजिकच आमराई, काजूची बाग, रबराचा मळा आणि सह्याद्रीतील सदाहरित वन एकाच बेरजेत येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात नैसर्गिक वन तोडून रबराची लागवड झाली. अशा ठिकाणी लागवड वाढून तिचे वितान जुळले की वनाच्छादनाच्या हिशेबात काहीच गमावलेले दिसत नाही. जमिनीवर मात्र शेकडो जातींच्या जागी एक जात आलेली असते.

पद्धतीतील बदलांचा परिणामही लक्षणीय आहे. १९९९ च्या अहवालात वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते, २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. दोन वर्षांतील ही ३८,२४५ चौरस किलोमीटरची वाढ प्रामुख्याने मोजण्याच्या पद्धतीतून आली होती. पूर्वी २५ हेक्टरहून लहान तुकडे नकाशावर येत नसत. २००१ पासून ही मर्यादा १ हेक्टरवर आली आणि संपूर्ण देशाचे विश्लेषण संगणकाद्वारे होऊ लागले. सुधारणा योग्यच होती. अहवालानेही ती लपविली नाही. परंतु मोजपट्टी बदलली की जुनी मालिका तुटते. दीर्घकालीन निरीक्षणात जुनी आणि नवी पद्धत काही काळ एकत्र चालवून दोहोंमधील फरक निश्चित करण्याची शिस्त पाळावी लागते.

तिसरा मुद्दा निव्वळ बेरजेचा. २०२१ च्या अहवालानुसार दोन वर्षांत देशाचे वनाच्छादन १,५४० चौरस किलोमीटरने वाढले. त्याच अहवालातील घनतेनुसारचे तपशील पाहिले असता अतिघन वन ५०१ आणि विरळ वन २,६२१ चौरस किलोमीटरने वाढले, तर मध्यम घन वन १,५८२ चौरस किलोमीटरने घटले. यांपैकी किती मध्यम घन वन सुधारून अतिघन झाले आणि किती खालावून विरळ झाले, हे बेरजेच्या आकड्यावरून कळत नाही. महाराष्ट्राच्या त्या वर्षीच्या ५०,७९८ चौरस किलोमीटर वनाच्छादनापैकी २१,४७५ चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र विरळ वनाचे आहे. हे वन स्वभावतःच विरळ आहे, खालावत चालले आहे की सावरते आहे? राज्याच्या वननियोजनात कळीचा ठरणारा हा प्रश्न राज्याच्या एकूण आकड्यातून सुटत नाही.

क्षेत्रफळावरील हा भर आकस्मिक नाही. देशाचा एक-तृतीयांश भूभाग वनांखाली असावा, हे उद्दिष्ट १९५२ आणि १९८८ या दोन्ही राष्ट्रीय वनधोरणांनी पुढे ठेवले. उद्दिष्ट टक्क्यांत असले की यश-अपयशाचा हिशेबही टक्क्यांतच मांडला जातो.

५. वितानाखाली निसटणारे वास्तव

वनाचे बहुतेक आजार वितानाखाली सुरू होतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी परिसरातील सालवनांत साल पोखरणाऱ्या किडीचा मोठा उद्रेक झाला. याच प्रदेशात १९२३ ते १९२८ या काळातही असा उद्रेक झाल्याची नोंद आहे. या किडीची अळी सालीखालून लाकडात शिरते. तिची पहिली खूण म्हणजे बुंध्याशी साचलेला लाकडाचा भुसा. शेंडा वाळू लागतो तो नंतर. वनकर्मचारी भुशाचे प्रमाण आणि शेंड्याची स्थिती पाहून बाधित झाडांची वर्गवारी करतात. पावसाळ्यात सालाचे ओंडके तोडून ठेवून त्यांच्या रसाकडे आकृष्ट झालेले भुंगेरे गावकऱ्यांकरवी गोळा केले जातात. म्हणजे या आजाराचे निदान आणि उपचार दोन्ही पायी फिरणाऱ्या माणसावर अवलंबून आहेत. वितान विरळ झाल्यावर उपग्रहाला जे दिसते, ती आजाराची सुरुवात नसून त्याची परिणती असते.

घाणेरीचे उदाहरण याहून व्यापक आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती भारतातील पानगळीच्या वनांत मोठ्या प्रमाणावर पसरली आहे. तिच्या जाळीखाली साग, ऐन, धावडा यांच्या रोपांना प्रकाश आणि जागा मिळत नाही. वरचे वितान मात्र अनेक वर्षे जसेच्या तसे राहते. जुनी झाडे मरू लागतील तेव्हा त्यांची जागा घेणारी पिढी तेथे नसेल. वनाच्छादनाचा नकाशा अशा वनाला अखेरपर्यंत ‘मध्यम घन’ म्हणत राहील.

अहवालाला न्याय द्यायचा तर हेही नमूद केले पाहिजे की, वन सर्वेक्षण संस्था केवळ आकाशातून पाहत नाही. तिच्या राष्ट्रीय वन सूची कार्यक्रमात २०१६ पासून ५ × ५ किलोमीटरच्या जाळ्यावर पाच वर्षांच्या आवर्तनाने प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी होते. २०१९ च्या अहवालात आक्रमक वनस्पतींचीही माहिती आली. वणव्यांच्या सूचना २००४ पासून उपग्रहांद्वारे दिल्या जातात. परंतु ही माहिती राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवरील अंदाजांच्या रूपाने समोर येते. अमुक एक झाड, अमुक एक रोप यांचे वर्षानुवर्षांचे चरित्र तीत वाचता येत नाही. आणि चर्चेत तर ही प्रकरणे जवळपास येतच नाहीत; पहिल्या पानावरील टक्केवारीच सर्वत्र उद्धृत होते.

६. मुदुमलाईचा धडा

असे चरित्र भारतात लिहिले जातच नाही, असे मात्र नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पर्यावरण विज्ञान केंद्राने, आर. सुकुमार यांच्या नेतृत्वाखाली, १९८८ मध्ये नीलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलाई येथे ५० हेक्टरचे कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्र आखले. पनामातील बारो कोलोराडो बेटावर १९८० च्या दशकारंभी उभ्या राहिलेल्या अभ्यासक्षेत्राच्या धर्तीवर, एक सेंटिमीटर व त्याहून अधिक व्यासाच्या प्रत्येक खोडाला येथे क्रमांक देण्यात आला, त्याचे स्थान नकाशावर मांडण्यात आले. पहिल्या गणनेत सुमारे २६ हजार खोडे नोंदली गेली. त्यानंतर दरवर्षी कोणते झाड मेले, कोणते नव्याने गणनेत आले, हे तपासले जाते आणि ठरावीक वर्षांनी प्रत्येक खोडाचा व्यास पुन्हा मोजला जातो.

या नोंदींनी काय दिले? पहिल्या काही वर्षांतच वारंग (कायडिया कॅलिसिना) या जातीच्या झाडांची संख्या हत्तींच्या खाण्यामुळे झपाट्याने घटल्याचे दिसले. लहान खोडांच्या मृत्यूमागे वणवा हे मोठे कारण आहे, तर मोठ्या झाडांचा मृत्युदर अत्यल्प असतो, हे आकड्यांनिशी स्पष्ट झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कमी पावसाचा मोठ्या झाडांवरील परिणाम तात्काळ नव्हे, तर दोन-तीन वर्षांच्या अंतराने मृत्युदरात उमटतो, असे दीर्घ मालिकेवरून आढळले. दोन वर्षांनी एकदा घेतलेल्या छायाचित्रावरून हा कार्यकारणभाव कधीही हाती लागला नसता. झाड वाळले त्या वर्षीचा पाऊस कदाचित उत्तमही असू शकतो.

युरोपीय पद्धत जशीच्या तशी उचलण्यातील धोकाही येथे लक्षात येतो. शेंड्याचा विरळपणा हे स्प्रूसच्या वनात आजाराचे लक्षण असेल. सागाच्या वनात फाल्गुन-चैत्रात निष्पर्ण होणे हा प्रकृतिधर्म आहे. म्हणूनच वन सर्वेक्षण संस्थाही मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधील उपग्रहचित्रे वापरते. शुष्क पानगळीच्या वनाची जीवनशक्ती पाहायची तर पालवी फुटण्याची वेळ, वणव्यानंतर बुंध्यातून येणारे धुमारे, रोपांचे वाढून खोडात रूपांतर होण्याचे प्रमाण आणि मृत्युदर हे निर्देशक अधिक समर्पक ठरतील. शिस्त युरोपाकडून घ्यावी. निर्देशक मात्र येथल्या वनाने ठरवावेत.

७. अपेक्षित दिशा

एक मुदुमलाई पुरेसे नाही. केंद्र शासनाने २०१५ मध्ये विविध जैवप्रदेशांसाठी दीर्घकालीन परिसंस्था वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला. मात्र अशा कार्यक्रमांचा खरा शत्रू अज्ञान हा नसून निधीचा तीन किंवा पाच वर्षांचा कालखंड हा असतो. प्रकल्प संपतो, संशोधक बदली होऊन किंवा पदवी घेऊन जातात, झाडांवरील पत्र्याच्या चकत्या गंजतात आणि मालिका तुटते. ब्रिटिशकाळापासून वनखात्याने राखलेल्या परिरक्षण क्षेत्रांपैकी अनेकांची हीच गत झाली.

म्हणून सातत्य कोण राखू शकेल, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. वनविभागाची कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. प्रत्येक कार्य आयोजनेत काही कायम क्षेत्रे निश्चित करून मागील आयोजनेतील त्याच झाडांची पुनर्नोंद सक्तीची केली, तर संहितेतील आरोग्यविषयक निकषाला आशय मिळेल. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) सारख्या गावांच्या ग्रामसभा आपल्या वनाची राखण स्वतः करतात. त्यांच्याइतका दीर्घकाळचा निरीक्षक अन्य कोणी असू शकत नाही. ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे स्थानही येथे विचारात घेण्याजोगे आहे. वनस्पतिशास्त्र, भूगोल, सांख्यिकी हे विभाग तेथे कायम असतात. विद्यार्थ्यांची नवी तुकडी दरवर्षी येते. नजीकच्या वनात वनखात्याच्या परवानगीने आखलेले एक हेक्टरचे क्षेत्र, छातीच्या उंचीवर व्यास मोजण्याची फीत आणि जपून ठेवलेली नोंदवही एवढ्या सामग्रीवर तीस वर्षांची मालिका उभी राहू शकते. त्यासाठी अल्पकालीन प्रबंधांचे स्वतंत्र विषय शोधण्याऐवजी पूर्वीच्या तुकडीने मोजलेली झाडे पुन्हा मोजणे हेही संशोधनच आहे, ही मान्यता विद्यापीठीय व्यवस्थेने द्यावयास हवी.

८. समारोप

वनस्थिती अहवाल निरुपयोगी आहे, असा या चिकित्सेचा निष्कर्ष नाही. वन कोठे आहे आणि ते किती दाट आहे, या प्रश्नांचे उत्तर तो देतो व ते आवश्यकच आहे. दोष आहे तो त्या उत्तराला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मानण्यात. हा दोष केवळ बौद्धिक नाही. जुने वन विकासप्रकल्पाला देऊन अन्यत्र केलेल्या लागवडीने त्याची भरपाई झाली, असे म्हणता येते ते वनाची किंमत क्षेत्रफळात मांडली जाते म्हणूनच. ज्या वनाच्या प्रकृतीची नोंदच नाही, त्याचा ऱ्हास सिद्ध करता येत नाही आणि जो सिद्ध करता येत नाही त्याची जबाबदारीही निश्चित होत नाही. जर्मनीत वनमृत्यूचा वाद चार दशके झडला, कारण वाद घालण्यासाठी उभयपक्षी मान्य अशी नोंद उपलब्ध होती. भारतातील बहुसंख्य वनांबाबत असा वाद घालण्याचीही सोय नाही. ती निर्माण करणे हे वनरक्षणाचे पहिले पाऊल होय.